अक्षर भूमितीच्या पेपरात

साप्ताहिक स्तंभ : रेघोट्या

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत अक्षरलेखन भूमितीच्या पेपरात असतं. चौकटी आखायच्या, गुण्या लावायचा, टोक काढलेल्या पेन्सिलीनं अक्षराची जाडी सगळीकडे सारखी ठेवायची. पाण्याचा डबा आणि ब्रश निघतो तो दुसऱ्या पेपरला. कळमेश्वर, मोहपा, गोंडखैरीची पोट्टी ही परीक्षा देतात, पुढे इंटरमीजिएटही देतात. त्यातली बरीचशी दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण या दोन परीक्षांत डोक्यात एक वाटणी पक्की होऊन बसते. अक्षर मोजायचं असतं, रंग सोडायचा असतो, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नसतो.

ही वाटणी पुढे मोठेपणी दिसते. कॅलिग्राफीचे सध्या बरे दिवस आहेत. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा दिनाचे फलक, लग्नपत्रिका, गणपतीची सजावट, सगळीकडे सुलेखन आणि सोबत जलरंग. पण बहुतेक ठिकाणी कृती एकच. निळा, केशरी, जांभळा असा रंगाचा फवारा मारायचा, तो वाळू द्यायचा आणि वर काळ्याभोर शाईत ‘श्री’ काढायचा. कार्यालयात सतरंजी अंथरावी तसा रंग अंथरलेला, आणि अक्षर त्यावर पाहुण्यासारखं येऊन बसलेलं. याला लोक अमूर्त चित्र आणि सुलेखनाचा संगम म्हणतात. माझं म्हणणं असं, की इथं संगम झालेलाच नाही. रंग काढून घेतला तरी ‘श्री’चं काही बिघडत नाही, आणि ‘श्री’ खोडला तर रंगाला पत्ताही लागत नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. जुन्या लेखनिकाचा सगळा जीव शाई पसरू नये यात असे. हातकागद गुळगुळीत दगडानं घोटून घ्यायचे ते त्यासाठीच. घोटलेल्या कागदावर शाई वर राहते, तंतूंमध्ये उतरत नाही, बोरूची कड स्वच्छ उमटते. काजळी आणि डिंकाची ती शाई पुन्हा ओली झाली की सुटते, म्हणून पोथीला पाणी लागलेलं चालत नसे. जलरंगवाल्याचं उलट. त्याच्या रंगातही डिंकच, पण त्याला रंग पसरायला हवा असतो, एकात एक शिरायला हवा असतो. ज्या गोष्टीला एक जण डाग म्हणतो, तिच्यासाठी दुसरा कागद भिजवून वाट बघत बसतो. या दोघांना एका कागदावर आणायचं तर कोणी तरी आपला हट्ट थोडा सोडायला हवा.

तो कधी सोडायचा हे कागदच सांगतो. चिंब कागदावर अक्षर काढलं तर ते विरघळून जातं, उरतो नुसता ढग. कोरड्यावर काढलं तर पुन्हा तो पाहुणा. मधली एक वेळ असते. कागदावरची चकाकी गेलेली, पण हात लावला तर गार लागतो. त्या वेळी भरलेल्या ब्रशनं काढलेल्या रेघेची एक कड धरून राहते आणि दुसरी सुटते. ‘ग’चा काना उभा राहतो, पण त्याची पाठ रंगात मिसळते. अमूर्त जलरंग आणि अक्षर यांची गाठ पडते ती इथं. नंतर वॉटरप्रूफ शाईची रेघ मारली तरी चालते, ती वाळल्यावर वरून हवं तेवढं पाणी फिरवा, हलत नाही. मात्र तिच्यापासून सुरुवात केली की मन सुरक्षित होतं आणि चित्रही.

आपल्याकडे ही वेळ वैशाखात मिळतच नाही. पंचेचाळीस अंशांत ब्रश पाण्यात बुडवून परत येईपर्यंत कागद खडखडीत. दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर चिकटवला तर थोडी सवड मिळते. जुलैत मात्र तोच कागद बराच वेळ गार राहतो. विदर्भातल्या माणसानं हे काम पावसाळ्यात करावं.

थोर चित्रकारांनी हे कसं केलं ते पाहायला फार लांब जायला नको. सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि सुरुवातीची त्यांची ओळख जलरंगांचीच. पुढे १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात त्यांनी देवनागरी ओळ लिहिली. चित्र मोठंच आहे, पण तिथली ओळ वाचायची ओळ राहते आणि रंग आपल्या जागी राहतो. मला अधिक जवळचे वाटतात वासुदेव गायतोंडे. त्यांचा जन्म नागपुरातला, १९२४ चा. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. त्यातल्या खुणा लिपीसारख्या दिसतात, पण ती कुठलीच लिपी नाही. आकार अक्षराच्या वळणाचा आणि श्वास चित्राचा.

आणि सुलेखनकार अच्युत पालव. २०२५ ला पद्मश्री मिळालेल्या पालवांची मोकळी, रंगीत, भिंतभर अक्षरं सगळ्यांना माहीत असतात. पण त्यांनी सुरुवातीला मोडी लिपीचा अभ्यास केला आणि मोडी-देवनागरीच्या मेळातून पुढे ‘मुक्तलिपी’ केली, हा भाग नक्कल करणारे सोडून देतात. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं लागतात, बोरू फारसा न उचलता. म्हणजे लिहिण्याआधीच पान दोन भागांत विभागलेलं असतं. चित्रकाराला यापेक्षा चांगली रचना आयती कुठं मिळणार?

“वाचताच येत नसेल तर अक्षर कशाला?” असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरातलं जुनं मोडी खत आज बहुतेकांना वाचता येत नाही, तरी ते लेखन आहे हे लहान पोरालाही कळतं. तिरकेपणा एक असतो, हात कुठं थांबला आणि कुठं धावला ते दिसतं. माझी कसोटी तीच. अर्थ लागला नाही तरी चालेल, पण आधी कोणती रेघ आली आणि नंतर कोणती, हे कागदावर दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर त्या कामाला अमूर्त चित्र म्हणा, त्यावर सुलेखनाचा हक्क सांगू नका.

कला संचालनालयानं अक्षरलेखन भूमितीतून काढून रंगाच्या पेपरात घालावं, ही माझी मागणी. निदान एक प्रश्न तरी ब्रशनं लिहायचा ठेवावा. तोवर आपल्या तालुक्यातल्या कलाशिक्षकांनी जुलैतला एक तास द्यावा. जाड कागद, एक गोल ब्रश आणि बांबूच्या काडीचा घरी कापलेला बोरू एवढं पुरतं. बाजारातले कॅलिग्राफी निबचे संच घेऊ नका. त्यांचा काप इंग्रजी अक्षरांसाठी असतो, आणि देवनागरी लिहिली की जाड हवं तिथं बारीक येतं आणि बारीक हवं तिथं जाड.

— कळमेश्वरकर