जर्मन भाषा फक्त हातासाठीच कशाला?

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री, प्लंबर, गवंडी, हॉटेल कामगार अशा दहा हजार कुशल तरुणांना जर्मन भाषा शिकवून तिकडे कामाला पाठवायचे, अशी ही योजना. तेव्हापासून आयटीआयमध्ये आणि नर्सिंग कॉलेजांत जर्मनचे नाव ऐकू येऊ लागले. आमच्या वस्त्यांतील मुलेही विचारू लागली, जर्मन शिकून काय होईल? प्रश्न रास्त आहे. परंतु सरकारने त्याचे एकच उत्तर देऊन ठेवले आहे : जर्मन शिका आणि कामगार व्हा.

कामगार होण्यात कसलाही कमीपणा नाही. घामाचे मोल आंबेडकरी समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. ज्याला संधी मिळेल त्याने अवश्य जावे. परंतु याच वेळी पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत सुखवस्तू घरांतील मुले हीच भाषा भरघोस गुणांसाठी घेतात, मॅक्स म्युलर भवनात पुढच्या परीक्षा देतात आणि थेट जर्मनीच्या विद्यापीठांत दाखल होतात. भाषा एकच, एकाला ती हातापुरती दिली जाते, दुसऱ्याला डोक्यासाठी. श्रम एकाकडे आणि ज्ञान दुसऱ्याकडे ही वाटणी या देशात नवी आहे काय? चातुर्वर्ण्याने दुसरे केले तरी काय?

म्हणून चळवळीतील तरुणांपुढे आम्ही एक वेगळा विचार ठेवत आहोत. जे पदवीला अर्थशास्त्र घेत आहेत, त्यांनी जोडीला जर्मन घ्यावे. दोन्ही एकत्र शिकावे. ही कल्पना आमच्या सुपीक डोक्यातून निघालेली नाही. हा रस्ता शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने चालून दाखवला आहे आणि त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहे.

बाबासाहेबांचा अभ्यास म्हटला की आपल्याला कोलंबिया आणि लंडन आठवते. बॉन आठवत नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे तब्बल २९ अभ्यासक्रम घेतले. त्याच यादीत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम आहे. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.चे काम सुरू असताना १९२२ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. तिथली पदवी त्यांनी घेतली नाही. लंडनचा प्रबंध आणि हातातील अपुरा पैसा यांच्या ओढाताणीत ते शक्यही नव्हते. परंतु अर्थशास्त्राचा पक्का अभ्यास करायचा तर जर्मनीला वळसा घालून चालणार नाही, हे त्यांनी जाणले होते. ज्या विद्यार्थ्याला मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, त्याच विद्यार्थ्याने बॉनमध्ये नाव घातले. आणि त्या बॉनमध्ये संस्कृतचे अध्यासन १८१८ पासून होते! जी विद्या इथे जातीच्या कुलपात होती, ती तिथे कोणालाही फी भरून शिकता येत होती. परकी भाषा कधी कधी स्वतःच्या देशाचे बंद दरवाजे उघडते, ते असे.

अर्थशास्त्राला जर्मनच का? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थशास्त्र शिकायला अमेरिकन तरुण जर्मनीला जात. बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू प्रा. एडविन सेलिगमन हे बर्लिन आणि हायडलबर्ग येथे शिकून आलेले. १८८५ साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेणारे रिचर्ड इली यांची पीएच.डी. हायडलबर्गचीच. बाजाराला मोकळे सोडले की सगळ्यांचे भले होते, हा इंग्रजी अर्थशास्त्राचा मंत्र जर्मन पंडितांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. प्रत्येक देशाची अर्थव्यवस्था त्याच्या इतिहासातून, कायद्यातून, संस्थांतून घडते; म्हणून आधी त्या तपासा, असे श्मोलर आणि त्यांचे सहकारी सांगत. १८७३ साली त्यांनी सामाजिक धोरणाच्या अभ्यासासाठी संघटनाच काढली. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेब जेव्हा मांडतात, तेव्हा अर्थशास्त्राकडे संस्थांच्या अंगाने पाहण्याची हीच दृष्टी तिथे काम करताना दिसते.

भाषांतरे आहेत ना, मग मूळ भाषा कशाला, असे कोणी म्हणेल. भाषांतर केव्हा येते ते पाहा. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ साली जर्मनमध्ये आला, इंग्रजीत यायला १८८७ उजाडले. जॉर्ज फ्रीड्रिख क्नाप यांचा पैशाच्या राज्यसंस्थात्मक सिद्धांतावरचा ग्रंथ १९०५ चा. त्याचे संक्षिप्त इंग्रजी भाषांतर १९२४ साली आले, म्हणजे बाबासाहेबांचा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाने. कार्ल मेंगर यांचा १८७१ चा मूलभूत ग्रंथ इंग्रजीत आला १९५० साली. आणि सर्वांत बोचणारे उदाहरण मॅक्स वेबर यांचे. फ्रायबुर्ग आणि हायडलबर्ग येथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेल्या या विद्वानाने हिंदू आणि बौद्ध धर्मांवर, जातिव्यवस्था आणि आर्थिक जीवन यांच्या नात्यावर १९१६-१७ साली विस्तृत लेखन केले. ते इंग्रजीत आले १९५८ साली. आमच्याच गुलामगिरीची चिकित्सा करणारा ग्रंथ चाळीस वर्षे जर्मनमध्ये पडून होता आणि तो इंग्रजीत आला तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन दोन वर्षे झाली होती. वेबरचे सगळेच म्हणणे बरोबर आहे असे नाही. परंतु त्याच्याशी वाद घालायचा तर तो वाचला पाहिजे, आणि कोणीतरी भाषांतर करील याची वाट पाहणारा समाज नेहमी चाळीस वर्षे मागे राहतो. आज यंत्रे घटकाभरात भाषांतर करून देतात हे खरे. परंतु यंत्राने दिलेले बरोबर की चूक हे ज्याला तपासता येत नाही, तो पूर्वी पंडितावर अवलंबून होता, आता यंत्रावर राहील. फरक तो काय?

हा केवळ जुन्या ग्रंथांचा प्रश्न नाही. १९२३ साली जर्मनीत चलनवाढीचा कहर झाला. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. पगारदार आणि मजूर भिकेला लागले. ज्यांच्याकडे जमीन आणि कारखाने होते त्यांची कर्जे फुकटात फिटली. त्याच वर्षी बाबासाहेब रुपयावरच्या ग्रंथात चलनाच्या स्थैर्याचा आग्रह धरत होते. भाव चढले की मजुरी मागे राहते आणि गरीब मारला जातो, ही त्यामागची काळजी होती. १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्ष देतानाही त्यांनी हाच विषय मांडला. महागाईचा चटका कोणत्या वर्गाला बसतो, हे आमच्या किती पदवीधरांना आकड्यांनिशी सांगता येते?

कामगारांचेच पाहा. बिस्मार्कच्या काळात जर्मनीने १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा विमा कायदा केला आणि १८८९ साली वृद्धापकाळाच्या विम्याचा. समाजवाद्यांची हवा काढून घेणे हा त्यामागचा डाव होता. परंतु कामगाराचे आजारपण ही समाजाची जबाबदारी, हे तत्त्व कायद्यात आले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच भारतातील कामगार आरोग्य विम्याचा अहवाल तयार झाला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. जर्मनीत १९७६ पासून दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना आहेत. आमच्याकडे खासगी क्षेत्रात आरक्षण मागितले की ‘गुणवत्ता बुडेल’ म्हणून गळा काढणाऱ्यांना हे उदाहरण सांगायला नको काय? कामगार निम्म्या खुर्च्यांवर बसून जर्मनीचे उद्योग बुडाले नाहीत. आता आमची मुले त्याच देशात प्लंबर आणि वाहनचालक म्हणून जाणार असतील, तर त्यांचे हक्क, त्यांचा करारनामा, त्यांचा विमा जर्मनमधून वाचू शकणारे अर्थतज्ज्ञही आमच्यातूनच तयार व्हायला हवेत.

आता भीतीबद्दल. ‘इंग्रजीच धड येत नाही, जर्मन कुठून येणार?’ हा प्रश्न मराठी माध्यमातील प्रत्येक मुलाच्या मनात येतो. त्याला आमचे सांगणे असे की, इंग्रजीच्या शर्यतीत कॉन्व्हेंटचा मुलगा तुमच्या दहा वर्षे पुढे उभा असतो. जर्मनच्या पहिल्या वर्गात दोघेही शून्यावर असतात. शिवाय मराठी इथे कामाला येते. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगे आहेत; आपण तो, ती, ते म्हणतच वाढलो. तिथे विभक्ती आहेत; आपल्याकडेही आहेत. तिथे गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. मराठीत ते शेवटीच असते. लिहिल्याप्रमाणे वाचायची सोयही इंग्रजीपेक्षा जर्मनमध्ये कितीतरी अधिक. मेहनत लागतेच. ए-१ पासून बी-२ पर्यंत जायला नेटाने दोनेक वर्षे द्यावी लागतात.

व्यवहाराची बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. २०२३-२४ च्या सत्रात भारतीय विद्यार्थी सुमारे ४९ हजार होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत पहिल्या क्रमांकावर. त्यातील बहुसंख्य अभियांत्रिकीचे. अर्थशास्त्राचे एम.एस्सी. अनेक ठिकाणी इंग्रजीतून आहे, परंतु पदवीचे शिक्षण बहुतांशी जर्मनमधून असते. प्रवेश देताना तिथे गणित, संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांचे गुण तपासले जातात. आमच्या बी.ए.ला गणित टाळून अर्थशास्त्र घेण्याची जी खोड आहे, ती इथे नडते. म्हणून जर्मनइतकेच गणितही सोडू नका.

खरी भिंत पैशाची आहे. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, आधीच बँकेत अडकवून दाखवावे लागतात. शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या घरातून हे कुठून येणार? इथे शिष्यवृत्तीची गरज लागते आणि नेमका तिथेच खेळ होतो. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारतीय समाज, संस्कृती आणि इतिहास हे विषयच वगळले गेले. जातीवर परदेशात संशोधन करायचे नाही, हाच त्याचा अर्थ. २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि निधी नाही म्हणून सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे दिली गेली. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जणांना मिळते. तिला जागतिक क्रमवारीची अट आहे. ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते. मानहाइम विद्यापीठ अर्थशास्त्रासाठी जर्मनीत अग्रगण्य मानले जाते. परंतु तिथे वैद्यक आणि मूलभूत विज्ञानांचा पसारा नसल्याने एकूण क्रमवारीत ते खूप खाली दिसते. विषय पाहायचा की पाटी पाहायची, हे एकदा समाजकल्याण खात्याने ठरवावे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. करारापोटी सरकार जे मोफत जर्मन वर्ग चालवते, ते अर्थशास्त्र, कायदा, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही खुले करा. बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या जोडीला बी-२ पर्यंतचे जर्मन शिकवावे. शिष्यवृत्तीला विषयवार क्रमवारी लावा आणि विषयबंदी उठवा. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला उपविषय जोडता येतो. परंतु मराठवाडा-विदर्भाच्या महाविद्यालयांत जर्मनचा शिक्षकच नसेल तर ती निवड कागदावरच राहते. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांनी इथे पुढाकार घ्यावा, ही अपेक्षा गैर नाही.

सगळे सरकारवर टाकून मोकळे होता येणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जाणाऱ्या रकमेतून प्रत्येक तालुक्यात एका मुलाच्या भाषा परीक्षेची फी सहज निघेल. नोकरदार वर्गाने जिल्हावार निधी उभारून बिनव्याजी हात दिला, तर दरवर्षी चार-दोन मुले तरी ती भिंत ओलांडतील. संख्या लहान वाटेल. परंतु १९२२ साली बॉनला नाव नोंदवणारा एकटाच होता, आणि त्याच्यामागे समाजाचा निधीही नव्हता.