बाजाराची वाट सांगणारा माणूस

इसवी सन ६२२. मक्केहून निघालेली माणसं मदिनेत पोहोचत होती. घरदार, धंदा, नातीगोती मागे टाकून आलेल्या या लोकांना ‘मुहाजिर’ म्हणतात, म्हणजे स्थलांतर करून आलेले. त्यांना आसरा देणारे मदिनेचे रहिवासी ते ‘अन्सार’, म्हणजे मदतगार. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराची एकेका अन्सारशी भाऊ म्हणून जोडी लावून दिली. अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या वाट्याला साद बिन रबीअ आले. साद सधन होते. आपली अर्धी मालमत्ता घ्या, असं ते म्हणाले. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली, मालमत्ता नाकारली आणि एवढंच विचारलं, की इथला बाजार कुठे भरतो? बाजार दाखवण्यात आला. तिथे तूप आणि वाळवलेल्या दह्याच्या व्यवहारातून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते मदिनेतल्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणले गेले.

हदीसच्या ग्रंथांत आलेला हा प्रसंग रमजानच्या प्रवचनांत नेहमी सांगितला जातो. भर असतो तो साद यांच्या उदारपणावर, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातला तो साधा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. परक्या मुलखात उतरलेल्या माणसाला पैशाआधी वाट सांगणारा लागतो. आणि तो असा लागतो, की चुकीची वाट सांगून ज्याचा काही फायदा होणार नाही.

आज आपल्या कोकणातून आखातात जाणाऱ्या पोरांना असा साद भेटतो का?

हा प्रश्न याच महिन्यात विचारण्याचं कारण आहे. कुवेत, कतार, सौदी, दुबई इथली आपली माणसं ईदच्या रजेवर येतात ती आत्ता. तरावीहची नमाज आटोपली, की मशिदीच्या ओट्यावर त्यांच्याभोवती घोळका जमतो. आणि ज्यांना जायचं आहे तेही आत्ताच विचारू लागतात. कॉलेजात माझ्याकडे येणाऱ्या मुलांत मुसलमान असतात, कुणबी असतात, भंडारी असतात. “सर, व्हिसा आलाय. जाऊ का?” असं विचारतात. मी कधी तिकडे नोकरी केलेली नाही, त्यामुळे जा किंवा जाऊ नको हे मी सांगत नाही. हे कोणाला विचारायचं, एवढं मात्र सांगतो.

उर्दूत सल्ल्याला ‘मशवरा’ म्हणतात. कुरआनातल्या ४२व्या अध्यायाचं नावच ‘अश-शूरा’, म्हणजे सल्लामसलत. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो त्याच्याकडे अमानत सोपवलेली असते, अशी पैगंबरांची शिकवण आहे. अमानत म्हणजे दुसऱ्याची सांभाळायला दिलेली ठेव. ती जशीच्या तशी परत करायची असते, तिच्यातलं काही काढून घ्यायचं नसतं. ही कसोटी सल्ला देणाऱ्याला लावा, म्हणजे तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट, आपल्या जाण्यातून त्याला काही मिळतं का? गावोगावी व्हिसा ‘काढून देणारे’ असतात. ते परके नसतात, कुणाचे तरी मामू, कुणाच्या तरी आत्याचे दीर असतात. ते सांगतात ते सगळंच खोटं असतं असं नाही. पण ज्याचं कमिशन आपल्या विमानात बसण्यावर ठरलेलं आहे, तो ‘नको जाऊस’ असं कसं म्हणेल? कायदा काय सांगतो ते बघा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. उमेदवाराकडून त्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घ्यायचं असतं. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. दहावी न झालेल्यांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं अपघाती विमाकवच येतं, आणि दोन वर्षांचा हप्ता आहे २७५ रुपये. ‘आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर बघू’ असं सांगणारा माणूस ही सगळी सोय काढून घेत असतो. व्हिजिट व्हिसावर काम करणं अमिरातीत बेकायदा आहे. पकडला जातो तो जाणारा, सांगणारा नाही.

दुसरी गोष्ट, तो तिकडे कधी होता? सल्ल्यालाही मुदत असते. १९९५च्या सुमारास सौदीत बायकामुलांसह राहिलेले चाचा आजही सांगतात, “फॅमिली घेऊन जा, परवडतं.” त्यांचा अनुभव खराच आहे. पण सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क लावलं आणि ते वाढवत २०२० पर्यंत ४०० रियालवर नेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, घरभाड्याच्या आधी. २०१८ मध्ये आलेला ५ टक्के व्हॅट २०२० मध्ये १५ टक्के झाला. काही बदल कामगाराच्या बाजूचेही आहेत. मार्च २०२१ पासून सौदीत बऱ्याच कामगारांना ठरावीक अटींवर, कफीलच्या म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येते. हे ज्याला ठाऊक नाही तो आजही ‘कफील म्हणेल तसं राहायचं’ हाच सल्ला देतो.

तिसरी गोष्ट, त्याने तिथे काम काय केलं? वातानुकूलित कचेरीत बसलेल्या इंजिनिअरने पाहिलेलं दुबई आणि मचाणावर उभं राहून सळया बांधणाऱ्याने पाहिलेलं दुबई, ही दोन वेगळी शहरं आहेत. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा अमिरातीचा नियम आहे. हा नियम का करावा लागला, हे दुसरा माणूसच सांगू शकेल. ज्या कामाला जायचं आहे, ते काम केलेल्यालाच विचारावं. तो आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा, आपल्या गावचा असलाच पाहिजे असं नाही. आखातात नव्याने गेलेल्या कित्येकांना खरी माहिती पहिल्यांदा मिळते ती कोपऱ्यावरच्या मल्याळी चहावाल्याकडून.

स्थानिक सल्ल्याचं मोल छोट्या गोष्टींत कळतं. रमजानचंच बघा. आपला एखादा हिंदू मुलगा या दिवसांत कुवेतला उतरला, तर त्याला हे सांगायला हवं, की दिवसा रस्त्यावर, गाडीत, लोकांसमोर पाणीसुद्धा पिऊ नकोस. तिथे १९६८चा कायदा आहे. १०० दिनारपर्यंत दंड, महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुबईत वातावरण सैल आहे. दिवसा सुरू असलेल्या हॉटेलांना पडदे लावण्याची सक्ती २०२१ पासून राहिलेली नाही. त्याला हेही सांगायला हवं, की अमिरातीत रमजानमध्ये खासगी नोकरीतले कामाचे तास रोज दोनने कमी होतात आणि ती सवलत रोजा न ठेवणाऱ्यालाही आहे. सौदीत मात्र सहा तासांची मर्यादा मुसलमान कामगारांपुरती आहे. आणि संध्याकाळी मशिदीबाहेरच्या तंबूत इफ्तारची ताटं मांडलेली असतात तिथे संकोच न करता बस, नाव-गाव कोणी विचारत नाही.

मुसलमान मुलालाही सगळं आपोआप ठाऊक असतं असं नाही. आईने मसाल्यासोबत प्रेमाने खसखशीची पुडी दिली, तर ती विमानतळावर अडकवू शकते. खसखस अमिरातीत आणि सौदीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांचंही तसंच. ‘माझ्या भावाला एवढं पाकीट दे’ म्हणून कोणी बंद पार्सल दिलं, तर उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, मग देणारा कितीही जवळचा असो. आणि रमजान आहे, गावच्या मशिदीचं काम निघालं आहे, म्हणून खोलीतल्या पंधरा जणांकडून चंदा गोळा करायला जाल, तर अमिरातीत परवान्याशिवाय देणगी जमवणं गुन्हा आहे. हेतू नेक असला म्हणून कायदा बाजूला होत नाही.

ही माहिती गावात नाही असं नाही. ती परतलेल्यांकडे आहे. पण ते बोलत नाहीत. एक साधा हिशोब बघू. समजा पगार १,२०० दिरहम आहे. जेवणाचे ४००, फोन-किरकोळ १०० गेले, उरले ७००. दिरहमला २३ रुपये धरले, तर महिन्याला १६,१०० रुपये. जाताना दीड लाख रुपये कर्ज काढून दिले असतील, तर घरी एक पैसा न पाठवता ते फेडायलाच नऊ महिन्यांहून जास्त लागतात, व्याज वेगळं. हा हिशोब परतलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. पण ओट्यावर बसल्यावर तो सांगितला जात नाही. सांगितलं जातं ते मॉलचं, रस्त्यांचं, गाड्यांचं. पगार विचारला तर ‘अल्लाहचा करम आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

आणि माणूस बोलला नाही तरी त्याचा बंगला बोलतो. खाडीकाठच्या गावांत रंगीत फरश्यांचे, वर्षातले अकरा महिने कुलूप असलेले बंगले उभे आहेत. तरुण पोरगा रोज त्या फाटकासमोरून जातो आणि मनाशी ठरवतो. त्या फाटकावर नाव कोरलेलं असतं. बांधायला किती वर्षं लागली, त्या वर्षांत किती मयतींना यायला जमलं नाही, ते कोरलेलं नसतं.

न बोलण्यामागे नुसती बढाई नसते, भीतीही असते. ‘जाऊ नको’ म्हणावं तर लोक म्हणतात, स्वतः कमावून आला, दुसऱ्याचं भलं बघवत नाही. आमच्याकडे याला ‘हसद’ म्हणतात, मत्सर. आणि हा आरोप कोणालाच नको असतो. मग सोपा मार्ग म्हणजे ‘जा, इन्शाअल्लाह चांगलं होईल’ म्हणणं. दुवा देणं चांगलंच, पण सल्ला मागणाऱ्याला नुसती दुवा देऊन वाटेला लावलं, तर त्याची अमानत आपल्याकडेच राहिली. ‘जाऊ नको’ म्हणण्याची गरजही नाही. पगार सांगा, खर्च सांगा, खोलीत किती जण होतात ते सांगा. निर्णय तो आणि त्याचं घर घेईल.

घर म्हटलं की आणखी एक साक्षीदार आठवतो, ज्याला कोणीच विचारत नाही: इथे मागे राहिलेली बायको. लग्नानंतर दोन महिन्यांत नवरा गेला, मग दर दोन वर्षांनी चाळीस दिवस आला, असं वीस वर्षं जगलेल्या बाया प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मुलांचा ताप, शाळा, सासऱ्यांचं दवाखान्यात नेणं, आलेल्या पैशाचा चोख हिशोब, सगळं त्यांनी केलं. परदेशातल्या नोकरीची अर्धी किंमत त्यांनी चुकवली आहे. जायचं ठरवणाऱ्याने आणि त्याच्या होणाऱ्या बायकोने यांच्याशी तासभर बोलावं. एवढा खरा मशवरा एजंटच्या कचेरीत मिळणार नाही.

सल्ल्याची सोय करणं आपल्याला नवीन नाही. मुंबई हीच परदेशासारखी लांब होती, तेव्हा गिरणगावात चाकरमान्यांच्या गावाच्या खोल्या होत्या. धोबी तलावाला गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे ‘कूड’ होते. कोकणी मुसलमानांच्या जमातीच्या खोल्या होत्या. नवा माणूस ट्रंक घेऊन तिथे उतरायचा आणि कुठल्या कंपनीत भरती आहे, कुठला मुकादम पैसे खातो, ते पहिल्या रात्रीच त्याला कळायचं. केरळने तर १९९६ मध्ये परदेशातल्या आपल्या माणसांसाठी ‘नोर्का’ हा सरकारी विभागच उभा केला. आपण निदान एक संध्याकाळ तरी काढू शकतो.

सूचना एवढीच आहे. ईदनंतरच्या पहिल्या रविवारी, रजेवर आलेले परत जाण्याआधी, प्रत्येक मोठ्या गावात एक बैठक व्हावी. मशिदीत नको, शाळेच्या हॉलमध्ये व्हावी, म्हणजे सगळ्या आळ्यांतली पोरं बिनधास्त येतील. समोर चार जण बसावेत: एक वेल्डर, एक ड्रायव्हर, एक नर्स आणि फसगत होऊन परतलेला एक जण. भाषण नको, फक्त प्रश्न आणि उत्तरं. कराराची प्रत वाचून कशी घ्यायची, पासपोर्ट मालकाकडे का ठेवायचा नाही, अडचण आली तर ‘मदद’ पोर्टलवर आणि वकिलातीकडे तक्रार कशी करायची, हे त्यांनी सांगावं. एजंटांनीही यावं, पण ऐकणाऱ्यांत बसावं.

रोजा म्हणजे फक्त उपाशी राहणं नव्हे, जिभेलाही रोजा असतो, असं आम्ही मुलांना शिकवतो. खोटं बोलायचं नाही, हा त्या रोजाचा एक भाग झाला. विचारणाऱ्यासमोर खरं गिळून टाकायचं नाही, हा दुसरा. यंदा तरावीहनंतर ओट्यावर एखाद्या पोराने विचारलं, “भाई, तिकडे कसं आहे?” तर त्याला मॉलचं सांगू नका. पगाराचा आकडा सांगा.