संग्रह आणि परिग्रह



गेल्या महिन्यात नाशिकला, रविवार कारंजाजवळच्या आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी एक दिवस राहिलो. भाईसाहेबांना जाऊन वर्ष झाले होते. त्यांचे भिंतीतले कपाट उघडायचे राहून गेले होते; ते त्या दिवशी उघडले. आत दुकानाच्या जुन्या वह्या असतील, असा मुलांचा समज. निघाले ते शास्त्रीय संगीताचे संच : कॅसेटच्या पेट्या, सीडींचे जाडजूड खोके, सोबतच्या पुस्तिका. पुतण्याने व्यापारी नजर फिरवली आणि विचारले, "काका, एवढा माल पडून होता?"

प्रश्न बोचला, कारण दोन खोक्यांवरचे वेष्टनही निघालेले नव्हते.

या छंदाची गोडी आणि त्याचा फास या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या तबकड्यांत लाख असे, आणि लाक्षावाणिज्य तर श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांपैकी एक. म्हणून आमच्या आजोबांनी ग्रामोफोन उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. पुढे प्लॅस्टिकच्या लाँगप्ले आल्या, कॅसेट आल्या, सीडी आल्या. जागा कमी लागू लागली आणि हाव वाढली. १९९९ मध्ये निघालेल्या 'राग गाइड' या संचात चार सीडींवर ७४ राग आहेत. पाश्चात्त्यांनी तर कमाल केली. २०१६ मध्ये निघालेल्या मोत्सार्टच्या समग्र संचात २०० सीडी आहेत, सुमारे २४० तासांचे संगीत. रोज तासभर ऐकले तरी आठ महिने लागतात. विकत घेणे एका दुपारचे काम. ऐकणे हे व्रत आहे.

'राग गाइड'मधील एक गायक पंडित विद्याधर व्यास. त्यांचे वडील नारायणराव व्यास हे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. हा धागा थेट आपल्या नाशिकला येऊन पोहोचतो. विष्णू दिगंबरांनी उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापिला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचे बालपण नाशिकला गेले. १९३१ मध्ये वडील वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे नारायणराव व्यास आणि विनायकराव पटवर्धन यांच्याकडे शिकून त्यांनी नाव मिळवले. 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबर गायले. आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचे जे गाणे मुद्रित स्वरूपात मागे राहिले, ते एका लहानशा पेटीत मावेल. तरी इतक्या वर्षांनंतरही ते घरोघर ऐकले जाते.

कपाटाच्या तळाशी एक लाल वही सापडली. दुकानाच्या रोजमेळासारखीच आखलेली. डाव्या बाजूला संचाचे नाव व खरेदीची तारीख, उजव्या बाजूला प्रत्येक चकती ऐकल्याची तारीख. सुरुवातीची पाने दोन्ही बाजूंनी भरलेली. मग दुसरे दुकान उघडले, आणि उजवी बाजू विरळ होत गेली. अखेरच्या पानांवर फक्त डावी बाजू. एका नावापुढे त्यांनी लिहिले होते : "गादीवरून उतरल्यावर." ते गादीवरून उतरले बहात्तराव्या वर्षी. तोवर दोन्ही कानांनी ऐकू येईनासे झाले होते. यंत्र लावल्यावर बोलणे कळे. सूर मात्र पत्र्यावर पडल्यासारखे वाटतात, असे ते म्हणत. तरीही त्यानंतर आणखी दोन संच घेतलेले होते. तेच हे न उघडलेले.

परिग्रहाचे परिमाण करताना आपण सोने, जमीन, वस्त्रे मोजतो. वस्तू किती, हे मोजणे सोपे. ती कशासाठी आहे, हे विचारणे अवघड. आपल्या पूर्वजांनीही संग्रह केलेच. पाटण, जैसलमेर, आपल्याकडचे कारंजा येथील ग्रंथभांडारांत हस्तलिखिते शतकानुशतके जपली गेली. त्यांना कोणी परिग्रह म्हटले नाही. कारण ती वाचणाऱ्यांसाठी होती. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढायचे, पुसायचे, पूजायचे, ही रीतही त्यांना कपाटात विसरू न देण्यासाठीच असावी. भाईसाहेबांच्या वहीची उजवी बाजू भरत होती तोवर त्यांचे कपाट भांडार होते. ती कोरी राहू लागली तेव्हा कपाट तेच राहिले, त्याचा अर्थ बदलला. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझ्याही मनात अशी एक डावी बाजू आहे. यात्रा, पुस्तके, भावंडांच्या भेटी, सारे "गादीवरून उतरल्यावर".

पुतण्याने जुन्या बाजारातला भाव काढला होता. वही वाचल्यावर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. दमटपणाने चिकटलेल्या कॅसेट टाकून द्याव्या लागल्या. बरेचसे संच, ऐकण्याच्या यंत्रासह, गाणे शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गाला दिले. न उघडलेले दोन खोके आणि पलुस्करांची चकती घरात ठेवली.

आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले की संध्याकाळ मोकळी असते. आता दर रविवारी त्या वेळी एक चकती लागते. पहिल्या रविवारी पलुस्करांचा श्री लावला. तो दिवस मावळतानाचाच राग. भाभी भाईसाहेबांच्या खुर्चीशेजारी बसल्या होत्या. गाणे संपल्यावर पुतण्याने लाल वही उघडली आणि उजव्या बाजूला त्या दिवसाची तारीख लिहिली.