पंचवीसशे एक रुपयाची गोधडी

दिवाळीची प्रदर्शने आटोपली आणि कचेरीत पत्रांचा ढीग येऊन पडला. एरवी या दिवसांत जरीचा काठ उसवायचा कसा, विरलेल्या रेशमाला अस्तर कुठले, असले प्रश्न येतात. यंदा सगळ्यांची तक्रार एकच आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले जीएसटीचे नवे दर.

आधी हिशेब मांडू. जीएसटीच्या दरपत्रकात ९४०४ या क्रमांकाखाली सुती क्विल्ट आणि संपूर्ण क्विल्टेड कापडाच्या वस्तू अशा दोन नोंदी आहेत. आपली गोधडी कुठल्या नोंदीत बसते यावर सल्लागारांशी वाद घालत बसू नका, दोन्हींचा दर एकच आहे. पूर्वी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. आता रेघ २५०० वर सरकली, पण रेघेच्या वर १२ चे १८ झाले. दुपटी आणि पाळण्यातल्या गोधड्या करणाऱ्यांचे यात भले झाले, त्यांनी खुशाल पेढे वाटावेत. रडायची वेळ आली आहे ती पूर्ण मापाची, चार-पाच थरांची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी करणाऱ्यांवर.

२५०० रुपयांच्या गोधडीवर कर १२५ रुपये. २५०१ रुपयांच्या गोधडीवर ४५०. म्हणजे किमतीत एक रुपया वाढला की गिऱ्हाइकाच्या खिशातून सव्वातीनशे जास्त जातात. ही रेघ ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर कारखान्यातली रजई असणार. तिथे महाग माल म्हणजे भारी कापड आणि भारी भरण. आपल्याकडे कापड म्हणजे आजीची विटलेली लुगडी. किंमत होते ती हातांची. आणि नेमकी तीच वाढली की सरकारला तो चैनीचा माल वाटतो.

एका वर्गणीदार ताईंनी पत्रासोबत दोन गोधड्याच पाठवून दिल्या. शिवणारी बाई एकच, लुगडी त्याच गठ्ठ्यातली. पहिली उन्हाळ्यातली: काठाकडून आत फिरत आलेला धावदोरा, दोन ओळींत जेमतेम अर्धे बोट अंतर, इंचाला चार टाके, चारी कोपऱ्यांना फुल्या, मधोमध खणाचा चौकोन. दुसरी ऑक्टोबरातली. ओळी दोन-दोन बोटांवर, इंचाला दोन टाके, फुल्या गायब. दुकानदाराने सांगितले होते, ‘काहीही करा, पंचवीसशेच्या आत बसवा.’ बसवली. दुसरी गोधडी आम्ही मुद्दाम एकदा धुऊन पाहिली. आतली लुगडी सरकून एका अंगाला गोळा झाली आणि मधली जागा पोकळ राहिली. घरच्या अंथरुणात असली गोधडी कुणी सहन केली नसती. गिऱ्हाईकही पुढच्या वर्षी फिरकणार नाही. कराच्या कोष्टकाने टाक्याचे माप ठरवायचे, ही वेळ आपल्या कामावर प्रथमच आली असेल.

याहून अजब कलम पुढे आहे. सीजीएसटी नियम ३२(५) सांगतो की वापरलेली वस्तू तशीच, किंवा तिचे रूप न बदलेल इतपत किरकोळ डागडुजी करून विकली, तर कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. मात्र खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट घेतलेले नसावे. आता उदाहरण घ्या. जुनी पैठणी ३००० ला घेऊन तशीच ४००० ला विकली, तर कर हजार रुपयांवर. पण सहाशे रुपयांची सुती लुगडी घेऊन, महिनाभर मांडीवर घेऊन शिवून, ती गोधडी ४००० ला विकली तर? रूप बदलले! सवलत गेली. कर पुऱ्या ४००० वर, म्हणजे ७२० रुपये. घेऊन नुसते विकणाऱ्याला मोकळीक आणि सुई हातात धरणाऱ्याला दंड. (जुन्या लुगड्याला मधोमध दांड घालणे ही किरकोळ डागडुजी की रूपबदल, हे एखाद्या अधिकाऱ्याने एकदा लिहून द्यावेच. फ्रेम करून कचेरीत लावू.)

खरेदीचा पुरावा हे आणखी एक दुखणे. एका वाचक बाईंकडे तपासणीत लुगड्यांची बिले मागितली गेली. त्यांनी सांगितले, बोहारणीकडून घेतली. त्यावर प्रश्न आला: तिचा जीएसटी क्रमांक काय? स्टीलच्या पातेल्यावर चार लुगडी घासाघीस करून नेणाऱ्या बोहारणीला क्रमांक विचारायचा, हे सुचायला वातानुकूलित खोलीच हवी. यातून मिळायचे क्रेडिट तर शून्यच आहे, कारण मुळात कुणी कर घेतलेलाच नाही.

‘आमची उलाढाल नोंदणीच्या चाळीस लाखांच्या मर्यादेजवळही नाही, आम्हाला काय त्याचे?’ असेही काहींनी लिहिले आहे. ताई, तुमची गोधडी शहरातल्या दुकानात जाते ना? दुकानदार नोंदणीकृत आहे. तुमच्याकडून त्याला क्रेडिट मिळत नाही, तो आपला नफा चढवतो आणि सगळ्यावर १८ टक्के लावतो. मग विक्री मंदावली की भाव पाडून मागतो तो तुमच्याचकडे. ऑनलाइन बाजारपेठेतून परराज्यात विकायचे तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी आलीच. ज्यांची नोंदणी आहे पण विक्री राज्यातच होते, त्यांनी कंपोझिशनचा पर्याय का घेतला नाही हे आम्हाला कोडे आहे. उत्पादकाला तिथे उलाढालीच्या १ टक्का भरून मोकळे होता येते. गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही हे खरे, पण अठरापेक्षा एक परवडला हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही.

घोंगडीचे जुने तुकडे गरम पाण्यात आटवून त्यांवर सुईने लोकर बसवणाऱ्या मंडळींनी स्वस्थ बसू नये. तुमची आसने आणि पडदे दरपत्रकाच्या त्रेसष्टाव्या प्रकरणात बसले तरी पंचवीसशेची रेघ तिथेही आहे.

आणि थोडे आपल्या घरातले. सुरतेच्या नव्या सिंथेटिक साड्या चहाच्या पाण्यात बुडवून त्यांवर ‘विंटेज’चे लेबल लावणारे स्टॉल यंदा आम्ही स्वतः पाहिले. इरकलीचा टोपी पदर म्हणून छापील काठ खपवताना पाहिले. उद्या आपण सरकारकडे सवलत मागायला गेलो की समोरचा अधिकारी हाच माल टेबलावर ठेवील. तेव्हा काय सांगायचे?

मागणी अवघड नाही. हस्तकलेच्या वस्तूंची सवलतीच्या दराची यादी २०१८ पासून आहे. मुख्यतः हाताने केलेली, नजरेला भावणारी, यंत्रावरच्या मालाहून वेगळी ओळखू येणारी वस्तू, अशी तिथली व्याख्या आहे. त्यात आपली गोधडी बसत नसेल तर काय बसेल? गंजिफा त्या यादीत नावानिशी आहे. पर्स आणि पाऊच आहेत, आणि आता त्यांचा दर १२ वरून ५ वर आला आहे. म्हणजे एकाच जुन्या लुगड्याची हाताने सजवलेली पर्स करा, ५ टक्के. त्याचीच चार हजारांची गोधडी करा, १८. वापरलेल्या कापडाची, हाताने शिवलेली गोधडी किमतीची अट न घालता त्या यादीत घाला, एवढेच म्हणायचे आहे. ते जमत नसेल तर निदान ३२(५) मधली सवलत जुन्या कापडाच्या हातशिवणीला लागू करा.

दर ठरवते जीएसटी परिषद. तिथे राज्याचा मंत्री बसतो आणि त्याच्यापर्यंत कागद पोचवता येतो. पण कागदात दम हवा, आणि तो दम तुमच्या वह्यांतून येणार आहे. त्या वह्याच बहुतेकांकडे नाहीत, हे या कचेरीला पक्के ठाऊक आहे. तेव्हा आज संध्याकाळी एक शंभर पानी वही आणा. लुगडी कुणाकडून, किती, कशाच्या बदल्यात घेतली, तारीख घाला, देणाऱ्याची सही नाहीतर अंगठा घ्या. शिवणारीचे तास रोजच्या रोज लिहा. हस्तकलेचे ‘पहचान’ ओळखपत्र काढले नसेल तर अर्ज भरा, पुढच्या प्रदर्शनाची वाट पाहू नका. सप्टेंबरच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन गोधड्यांचा हिशेब आम्हाला महिनाअखेरपर्यंत पाठवा: कापड, दोरा, तास, मजुरी, विक्रीची किंमत, लागलेला कर. सोबत दोन्हींचे जवळून काढलेले फोटो हवेत, आणि फोटोत टाक्यांशेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका.