एका खोलीचे अर्थशास्त्र

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या काढलेल्या माणसांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याच मुंबईत, आणि आता ठाणे-पुण्यातही, उलट दिशेचा प्रवासही चालू आहे. नुकताच नोकरीस लागलेला कारकून, बदली होऊन आलेली शिक्षिका, नवे लग्न झालेले जोडपे यांच्या आवाक्यात असते ते फार तर अडीचशे-तीनशे चौरस फुटांचे एकखोली घर. त्यास पूर्वी नुसती 'खोली' म्हणत, पुढे 'वन रूम किचन' म्हणू लागले, आता 'स्टुडिओ अपार्टमेंट' म्हणतात. नाव लांबल्याने जागा वाढत नाही. किंमत मात्र वाढते. या घराबरोबर उपदेशही पुष्कळ मिळतो. भिंतीत मिटणारा पलंग घ्या, घडीचे टेबल घ्या, समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावा, म्हणजे खोली दुप्पट दिसेल! हा उपदेश अगदीच चुकीचा आहे असे नाही. तथापि तो सामानापासून सुरू होतो आणि सामानापाशीच थांबतो. लहान जागा पुरते कशी आणि कोणाच्या जिवावर, हा खरा प्रश्न त्यात सुटून जातो.

खाटेचे भाडे

प्रथम सामानाचाच हिशेब पाहू. मुंबईच्या एखाद्या उपनगरात चौरस फुटाचा भाव तीस हजार रुपये आहे असे गणितापुरते धरावे. सहा फूट लांब व चार फूट रुंद खाट २४ चौरस फूट जागा अडविते. म्हणजे ती ७ लाख २० हजार रुपयांच्या जमिनीवर उभी असते. या रकमेवर आठ टक्क्यांनी व्याज धरले तर वर्षाचे ५७,६०० आणि महिन्याचे ४,८०० रुपये होतात. पंधरा हजारांना घेतलेली खाट दर तीन-सव्वातीन महिन्यांनी आपली किंमत भाड्याच्या रूपाने पुन्हा वसूल करते, आणि उपयोग मात्र दिवसातून सात-आठ तासच देते. पाहुण्यांसाठी राखलेला सोफा, कधी न वाजणारी पेटी, लग्नात मिळालेला आणि खोक्यातून न निघालेला भांड्यांचा संच ही सारी त्या घरातली बिनभाड्याची कुळे होत. खोली लावताना वस्तूची खरेदी-किंमत न पाहता तिचे असे मासिक भाडे काढावे. निम्मे सामान आपोआप दाराबाहेर जाईल.

चाळीतल्या माणसाला हे गणित कागदावर मांडावे लागले नव्हते. ते त्याच्या अंगवळणी पडलेले होते. १६० चौरस फुटांत सहा माणसे म्हणजे माणशी जेमतेम २७ चौरस फूट. सहा फूट बाय अडीच फुटांच्या सहा गाद्या घातल्या की ९० चौरस फूट संपले. म्हणून सकाळी गाद्यांच्या वळकट्या होत, त्या कोपऱ्यात एकावर एक रचून वर चादर टाकली जाई, आणि जेथे रात्री निजावयाचे तेथेच दिवसा जेवणाची पंगत बसे, दुपारी शिवणयंत्र चाले, संध्याकाळी मुलांची पाटी-दप्तरे पसरत. घरात एखादी लोखंडी खाट असलीच तर तिच्या पायांखाली विटा देऊन ती उंच केलेली असे, आणि तिच्याखाली ट्रंका, धान्याचे डबे असा अर्धा संसार मावे. दाराच्या वर फळी, मोरीच्या वर पोटमाळा, भिंतीला मांडणी आणि खुंट्या, छताशी दोरीने वर ओढून घेतलेली कपडे वाळविण्याची दांडी. जमीन संपली की हवेत चढावयाचे, हे या घरांचे सूत्र होते. आजची सदनिका येथेच अडते. तिची उंची कमी असते आणि तिच्यात फळीच्या जागी शोभेचे खोटे छत येते. नऊ-दहा फुटांच्या खोलीत डोक्यावरची दोन फूट जागा मोकळी सोडून खाली पेट्या रचण्यात शहाणपण नाही. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू सर्वांत वर आणि रोज लागणाऱ्या हाताच्या उंचीवर, एवढे पाळले तरी पुष्कळ साधते.

मात्र मिटणाऱ्या पलंगाची एक अडचण जाहिरातीत सांगत नाहीत. तो रोज कोणीतरी मिटावा लागतो. पहिला महिना उत्साहाने मिटला जातो. पुढे तो उघडाच राहतो, आणि चाळीस हजारांचे यंत्र साध्या खाटेसारखे जागा अडवून बसते. वळकटीची घडी याहून लहान होत असे व तिला खर्चही नव्हता, पण ती घालणारे हात होते. ते हात बहुधा घरातल्या बाईचे असत. अंथरूण घालणे-काढणे, एका जागेचे दिवसातून चार वेळा रूपांतर करणे, यांस रोज अर्धा तास लागतो असे धरले, तर वर्षाचे १८२ तास होतात. आठ तासांच्या दिवसाने मोजल्यास जवळजवळ २३ दिवस. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात याची नोंद कोठेही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात असे आढळले होते. लहान घराची टापटीप याच २९९ मिनिटांतून येते. जागा वाचविण्याचा जो उपाय एकाच माणसाच्या श्रमावर उभा आहे, त्यास काटकसर म्हणावे की नुसते ओझे सरकविणे म्हणावे, याचा विचार घरातल्या पुरुषांनी केलेला बरा.

दाराबाहेरचे घर

येथवर खोलीच्या आतले झाले. परंतु चाळीतली खोली पुरत असे याचे मोठे कारण ती तिच्या चार भिंतींत संपत नव्हती, हे होय. गिरणगावात एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळीत. धोबीतलाव परिसरातील गोव्याच्या खलाशांच्या, गावागावांच्या नावाने चालणाऱ्या 'कुडीं'तही हाच प्रकार होता: भिंतीशी पेट्यांची रांग आणि जहाजावरून उतरलेल्यास रात्रीपुरती पथारी. या माणसांनी जागेची मोजणी चौरस फुटांत न करता चौरस फूट व तास अशी दुहेरी केली होती. कुटुंबांच्या चाळीत खानावळीऐवजी गॅलरी होती. तेथे धान्य निवडले जाई, पापड वाळत, म्हातारी माणसे बसत, उकाड्यात पुरुष व मुले निजत. सदनिकेत ज्यास दिवाणखाना म्हणतात त्याचे निम्मे काम गॅलरी करीत असे, आणि तिचे वेगळे भाडे नव्हते.

याचा अर्थ चाळ म्हणजे स्वर्ग होता असा नव्हे. टोकाच्या सामाईक संडासासमोरची पहाटेची रांग, आजारी माणसाचे आणि बाळंतिणीचे हाल, कोणाच्याही दारात कोणाचेही कान, हे ज्यांनी सोसले त्यांना गॅलरीचे गोडवे ऐकविणे हा उद्धटपणा होईल. खुद्द बीडीडी चाळींत तर बाहेरची गॅलरीही नव्हती. दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा अंधारा बोळ होता. स्वतःचा संडास, स्वतःचा नळ आणि लावता येणारे दार ही माणसाची रास्त मागणी आहे आणि ती पूर्ण झालीच पाहिजे. परंतु ती पूर्ण करताना दाराबाहेरची जागाही काढून घेतली गेली, आणि तिची किंमत कोणी मोजली नाही, ही तक्रार वेगळी आहे.

ही जागा नियमांच्या भाषेतूनच निसटलेली आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचे माप १९९५ मध्ये २२५ चौरस फूट होते, ते पुढे २६९ आणि नंतर ३०० झाले. वाद झाला तो नेहमी या आकड्याचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली, त्यामुळे ग्राहकाची फसवणूक कमी झाली. तथापि सज्जा आणि व्हरांडा या व्याख्येत येत नाहीत. दुसरीकडे मुंबईत २०१२ च्या नियमबदलाने सज्जाही चटई क्षेत्र निर्देशांकात मोजला जाऊ लागला. ग्राहक चटई क्षेत्र विचारतो, त्यात सज्जा धरला जात नाही; बांधणाऱ्याला तो खोलीइतकाच महाग पडतो. मग तो कोणी कशासाठी बांधावा? गरज नव्हे, मोजणीची पद्धत घराचा आकार ठरविते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

याची सर्वांत मोठी झळ विद्यार्थ्याला बसते. एका खोलीत स्वयंपाक, दूरचित्रवाणी, पाहुणा आणि तान्हे मूल यांची व्यवस्था कशीबशी लागते. दहावीच्या मुलाच्या शांततेची लागत नाही. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणून ओळखतात. आसपासच्या चाळींतील मुले तेथे दिव्याखाली पुस्तक घेऊन बसत आली आहेत. त्यांच्या जिद्दीचे कौतुक वारंवार होते; मुलांना रस्त्यावर बसावे लागते याची खंत कमी वेळा व्यक्त होते. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले 'कॉट बेसिस'वर राहतात, डबा किंवा मेस लावतात आणि खासगी अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीने खुर्ची घेतात. बाजाराने घराचे तुकडे पाडून खाट, ताट आणि खुर्ची वेगवेगळी विकावयास काढली आहे. ज्याला तिन्ही परवडतात त्याचे भागते.

यावर उपाय अगदी जवळ आहे. एका विद्यार्थ्याच्या टेबल-खुर्चीला बारा चौरस फूट लागतात असे धरले, तर चाळीस विद्यार्थ्यांना ४८० चौरस फूट हवेत. वरच्याच भावाने ही जागा १ कोटी ४४ लाख रुपयांची झाली. इतकी, किंबहुना याहून मोठी, बाकांसकट आणि दिव्यांसकट तयार जागा प्रत्येक वस्तीजवळ आहे. ती म्हणजे महापालिकेच्या शाळेचा वर्ग. संध्याकाळी सहाला त्यास कुलूप लागते, आणि नेमकी त्याच वेळी घरातली खोली भरू लागते. याच शहराने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालविल्या. दिवसा मुलांनी वापरलेल्या बाकांवर रात्री मोठी माणसे शिकली. तीच रीत अभ्यासिकेसाठी सर्वत्र का लागू होऊ नये? खर्च एक पहारेकरी, एक देखरेख करणारा आणि विजेचे बिल एवढाच. पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडी आणि कल्याण केंद्र यांसाठी जागा सोडण्याचा नियम आहे. पण ती जागा किती वाजता उघडते आणि किल्ली कोणाकडे असते, हे नियम विचारत नाही. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना चटई क्षेत्राच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: सामाईक खोलीचे क्षेत्रफळ, आणि ती रात्री किती वाजेपर्यंत उघडी राहणार.