साठ की आठ?

सुट्टीत दादाच्या स्पोर्ट्स कारला घरच्या घरी साउंडप्रूफिंग केलं, असं मी होस्टेलच्या मेसमध्ये सांगितलं आणि पोळ्या वाढणाऱ्या मावशी सोडून सगळे हसले. "स्पोर्ट्स कार घ्यायची आणि आवाज बंद करायचा? मग मारुती ओम्नी घ्यायची ना!" हे एकाचं मत. दुसरा म्हणाला, "मुलींना गाडीतलं काय कळतं." दुसऱ्याला उत्तर देण्यात अर्थ नाही, त्याचा मशीन डिझाइन अजून निघायचा आहे. पहिल्यासाठी मात्र हा लेख.

आधी गाडीविषयी. आपलं गाव गाड्यांचं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादकरांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ही बातमी तर जगभर गेली. शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि मग आरएसचा बिल्ला लावलेली एखादी ऑक्टाव्हिया जालना रोडवरून गेली की पोरांच्या माना वळायला लागल्या. अस्सल देशी स्पोर्ट्स कार म्हणाल तर गोव्यात बनलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म आणि २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली दिलीप छाब्रियांची अवंती. त्या दोन्ही मी फक्त फोटोत पाहिल्या आहेत. दादाने घेतली ती तिसऱ्या हातातली, वेगवान, चार दारांची. नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. आधीच्या मालकाने हौसेने अठरा इंची चाकं आणि पापडासारखे पातळ टायर बसवले होते, आणि ते टायरही वय झालेले, दगडासारखे कडक.

ती गाडी घेऊन आम्ही जालन्याला आत्याकडे निघालो. गारखेड्यातून निघून सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा उघडला तेव्हापासून आमचं जालना जवळ आलंय. पण हा रस्ता सिमेंट काँक्रीटचा. चाकांना पकड मिळावी म्हणून काँक्रीटवर रेघा ओढतात, आणि कडक टायर त्या रेघांवरून पळाला की गाडीत जे काही सुरू होतं त्याला मराठीत एकच शब्द, घूंघूं. शंभरच्या वेगाला पुढच्याने मागच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आतेभाऊ आमच्याबरोबर होता. नुकतीच नोकरी लागलेली. त्याने आनंदाने बाबांना पगार सांगितला, "मामा, साठ हजार." बाबा गंभीर झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आठ हजार? अरे, एवढ्यासाठी इंजिनीअरिंग केलंस?"

सगळे हसलो. बाबाही हसले, पण मग जालना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना पुढचं काही ऐकू येत नव्हतं, आणि "काय? काय?" असं परत परत विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

बाबांनी वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली. कंपनीचं नाव इथे नको. आवाजाने जाणारा कान सगळीकडून सारखा जात नाही, तो आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. म्हणजे माणसाला हाक ऐकू येते, ढोल ऐकू येतो, पण स, श, फ, थ ही बारीक अक्षरं गळतात. 'साठ' मधला स गेला की 'आठ' उरतो. त्यात रस्त्याचा आवाज. टायरचा जोर साधारण ८०० ते १००० हर्ट्झला असतो आणि खाली जाड घुमणारा पट्टा असतो. खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीचे बारीक आवाज गिळतो, उलटं सहसा होत नाही. आपल्यासारख्या चांगल्या कानांना हे जाणवत नाही इतकंच. तेव्हा "आवाज म्हणजे स्पोर्ट्स कारचा आत्मा" म्हणणाऱ्या मित्रा, तू इंजिनाविषयी बोलतोयस. मी रस्त्याविषयी बोलतेय. इंजिनाचा आवाज तू पायाने मागवतोस. रस्त्याचा आवाज न मागता येतो आणि तुझं इंजिनसुद्धा ऐकू देत नाही. आता तर काही कंपन्या केबिन इतकी शांत करतात की इंजिनाचा आवाज स्पीकरमधून परत आत सोडावा लागतो. यात हसण्यासारखं काही असेल तर ते हे.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला साउंड आणि नॉइज हे दोन वेगळे शब्द माहीत, मराठीत मात्र दोन्हीला आवाजच, असं मी इतके दिवस समजत होते. बाबांनी खोडून काढलं. म्हणाले, "कोणता आवाज ते आधी सांग. सूंसूं येतो, घूंघूं येतो, का खडखड?" प्रेस बिघडायच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो! आणि खरंच, माझ्या पुस्तकातला अख्खा धडा या तीन शब्दांत बसतो. सूंसूं म्हणजे वारा, दाराच्या रबरातून शिरणारा. काचेच्या आणि दाराच्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावून एक चक्कर मारा, आवाज कमी झाला तर चोर तिथेच. घूंघूं म्हणजे टायर किंवा बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर. रस्ता तोच असून वळणावर सूर बदलत असेल तर बेअरिंग, आणि मग साउंडप्रूफिंग वगैरे सोडून आधी गॅरेजला जा. खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे.

पण हे शहाणपण नंतरचं. आधी आम्ही जे करायचं तेच केलं. ॲक्सेसरीवाल्याकडून ब्यूटाइलच्या शीट आणल्या. एका बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा, दुसऱ्या बाजूला चिकट काळं रबर. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मे महिन्याच्या उन्हात चारही दारं उघडली आणि आतून पत्रा न् पत्रा झाकला. दोन दिवस, कापलेली बोटं, वॉचमन काकांचे तीन चहा. मग त्याच रस्त्यावर, त्याच ऐंशीच्या वेगाने मोबाईलवर मोजलं. आधी ७४ डेसिबल होतं, आता ७३. मोबाईलचा आकडा काही प्रयोगशाळेतला नाही, पण दोन आकड्यांमधला फरक कळायला पुरतो. दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी इंजिनीअरिंग सोडून द्यावं.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली म्हणजे, शीट आवाज अडवत नाही, ती पत्र्याचं थरथरणं मारते. पत्रा थरथरला की रबर ताणलं जातं आणि ती ऊर्जा उष्णतेत जाते, बस्स. त्यासाठी अख्खा पत्रा झाकावा लागत नाही. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होतं. बोटाने टकटक करून बघा, 'टण्ण' वाजतं तिथे लावा, 'ठप्प' वाजतं तिथे पैसे वाचवा. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण तीन किलो भरते. सगळीकडे लावत सुटलात तर वेगवान गाडीत एक जाडजूड पाहुणा कायमचा बसवल्यासारखं होतं. आवाज खरोखर अडवायला वजन लागतं, आणि तिथला हिशोब कंजूष आहे: वजन दुप्पट केलं की कागदावर जेमतेम ६ डेसिबल मिळतात. दुसरी चूक म्हणजे, रस्त्याचा आवाज मुळात दारातून फारसा येतच नाही. तो येतो मागच्या चाकांच्या कमानीतून, फरशीतून, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातून. दारं झाकल्याने आमचे स्पीकर मात्र झकास वाजायला लागले.

नॉइज कंट्रोलच्या कुठल्याही पुस्तकात क्रम एकच: आधी उगम, मग वाट, शेवटी कान. आम्ही वाटेपासून सुरुवात केली आणि तीही चुकीच्या वाटेपासून. मग दादाने छातीवर दगड ठेवून ती अठरा इंची चाकं विकली, कंपनीच्या मूळ मापाची चाकं आणि नवे टायर घातले. टायर निवडताना तो नक्षी बघत होता, मी आवाजाचं बोलत होते. युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर डेसिबल छापतात, आपल्याकडेही एआयएस-१४२ या मानकात टायर घरंगळण्याच्या आवाजाला मर्यादा आहे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, आवाज सगळ्यांचा येतो." असो. नव्या टायरवर आकडा आला ७०. एकही शीट न चिकटवता.

पुढचं काम अगदी स्वस्त. दहाची नोट दारात धरायची, दार लावायचं, नोट ओढायची. अलगद सुटून आली तर रबर मेलेलं आहे. मागच्या दोन दारांची रबरं बदलली. फटीकडे आपण दुर्लक्ष करतो, पण भिंत कितीही जाड करा, तिच्यात एक टक्का जागा उघडी राहिली तर २० डेसिबलच्या पुढे तुम्हाला अडवताच येत नाही. मग डिकी रिकामी करून चाकांच्या कमानींवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात शीटचे तुकडे, वर फोम आणि परत गालिचा. आकडा ६८. टायर सोडले तर सगळा खर्च साडेसात हजार, त्यातले चार हजार त्या दारांत वाया गेलेले.

कुणी करणार असेल तर माझ्या मूर्खपणातून एवढं घ्या. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात, ती झाकू नका. मी झाकली, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर दार उघडलं की माठ हलवल्यासारखं डुचमळायचं. आठवडाभरात लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर दार आतून गंजलं असतं. सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, बॅटरी काढल्याशिवाय तिथे हात घालू नका. आणि स्वस्त डांबरी शीट मराठवाड्यात आणूच नका, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होते आणि गाडीत नव्या रस्त्याचा वास येतो.

एक आक्षेप मला मान्य आहे आणि तो आमच्या सरांनी काढला. शांत गाडीत वेग कळत नाही. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि शांत केबिनमध्ये १२० हे ८० सारखं वाटतं. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ८० ला टोकणारा आणि १२० ला ओरडणारा अलार्म आहे. दादाची गाडी त्याआधीची, तिला तो नाही. आता मोबाईलवर वेगाची सूचना लावून ठेवली आहे, पण हा आवाज आम्हीच काढून टाकलेला होता आणि तो काहीतरी सांगत होता, हे खरं.

आता खरं भांडण. त्या दारांतल्या शीट सोलताना बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना उगम, वाट, कान समजावत होते. ते म्हणाले, "आमच्याकडे फक्त तिसरं होतं. कापसाचा बोळा." कारखान्यांच्या नियमांत वर्षानुवर्षं आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा लिहिलेली होती. त्यांच्या शॉपमध्ये आवाज मोजायला कुणी आल्याचं बाबांना आठवत नाही. प्रेसखाली कंप शोषणारे पॅड घालणं, हवा सोडणाऱ्या नळीला सायलेन्सर लावणं, ही काही रॉकेटची विद्या नाही. दुसऱ्या वर्षाचा मुलगा सांगेल. आम्ही डेसिबलचा लॉगरिदम परीक्षेत चार मार्कांसाठी लिहितो आणि सोडून देतो. आपल्यातले कितीतरी जण वर्षा-दोन वर्षांत वाळूज नाहीतर शेंद्र्यात ट्रेनी म्हणून शॉप फ्लोअरवर उभे असतील, हाताखाली आपल्या बापाच्या वयाची माणसं असतील. मला वाटतं तिथे पहिल्या आठवड्यात निदान तो मोबाईल खिशातून काढून आवाज मोजावा आणि आकडा सुपरवायझरला दाखवावा. फार तर तो चिडेल. माझ्या बाबांच्या काळात कुणीतरी एवढं केलं असतं, तर मला गाडीच्या डिकीत डोकं घालून बसावं लागलं नसतं. गाडीतला आवाज मी ६ डेसिबलने उतरवला, बाबांच्या कानातलं गेलेलं कुठल्याच शीटने परत येत नाही.

गणपतीत परत जालन्याला गेलो. तोच रस्ता, तीच माणसं, आतेभाऊ पुढे, बाबा मागे. लाडसावंगीच्या आसपास बाबा एकदम म्हणाले, "मागे काहीतरी खडखडतंय." आम्हाला तिघांनाही काही ऐकू येत नव्हतं. दादाने गाडी पुढच्या विसाव्याला थांबवून डिकी उघडली. मीच स्टेपनीच्या खड्ड्यात शीट लावताना जॅक परत आवळायचा विसरले होते.