कागदावरचं विमान

परवा भाचा आला होता. कॉम्प्युटरवर विमानांचा खेळ खेळता खेळता मला हाक मारून म्हणाला, "मामा, हे बघ, टीए १८३! हे वेळेवर आलं असतं ना, तर जर्मनी हरलीच नसती."

विमान देखणं आहे, खोटं कशाला बोलू? ४० अंश मागे वळलेले पंख, उंच शेपटी. फोकं-वुल्फ कंपनीत कुर्ट टांकच्या हाताखाली हान्स मुल्टहोपने ते आखलं. १९४५ च्या सुरुवातीला सरकारने ते पसंत केलं आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्य कंपनीच्या दारात पोचलं. एकही विमान बांधून झालं नव्हतं.

न बांधलेल्या विमानाची हीच तर मजा. ते कधी कोसळत नाही, त्याचं इंजिन बंद पडत नाही. खरं तर ज्या हाइंकेल इंजिनावर सगळी भिस्त होती, त्याचे युद्ध संपेपर्यंत मोजकेच नमुने बनले होते.

आणि ते बांधणार कोण होतं? त्याच काळात मेसरश्मिट २६२ चे सांगाडे गूझनच्या बोगद्यांत छळछावणीतले कैदी बनवत होते, आणि मरत होते. 'वेळेवर आलं असतं तर' म्हणताना ही माणसं आपण हिशेबात धरतच नाही.

पुढे टांक अर्जेंटिनात गेला. तिथे याच वळणाचं 'पुल्की-२' १९५० मध्ये उडालं. जेमतेम पाच बनली, आणि त्यांच्या चाचण्यांत दोन वैमानिकांचा जीव गेला. कागद संपला की हे असं सुरू होतं.

मग टांक भारतात आला. बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्याने 'मारुत' घडवलं. १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. त्यालाही हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन कधी मिळालं नाही, म्हणून अनेकांनी नावं ठेवली. पण १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते लढलं. सगळ्या उणिवांसकट.

मला हे अपुरं मारुतच जास्त जवळचं वाटतं. उणिवा दिसायलासुद्धा आधी विमान बांधावं लागतं, आणि जे बांधलं त्याची जबाबदारी कुणालातरी घ्यावी लागते. कागदावरच्या पराक्रमाची किंमत कोणीच देत नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग मारुत या खेळात का नाही?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.